ओल कुठून येते

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये बेडरूमला लाकडी फरशी हवी, हा हट्ट माझा. त्यासाठी आधी खाली पातळ, ओतायचा कोबा घातला. पिठल्यासारखा पसरला आणि आपोआप सपाट झाला. कॉन्ट्रॅक्टरने मला फोनवर बजावलं, की हा जिप्समचा माल आहे, याला पाणी अजिबात लागता कामा नये. सुरुवातीला खिडक्या बंद, मग उघड्या, आणि पुरता वाळल्याशिवाय वर लाकूड नाही. आईला मी यातलं काहीच सांगितलं नाही, फक्त बेडरूममध्ये पाय ठेवू नकोस म्हटलं. ती रोज सकाळी रिकाम्या घरात दिवा लावायला जायची.

कोबा काही वाळेना. कॉन्ट्रॅक्टर प्लास्टिकचा तुकडा त्यावर चिकटवून जायचा आणि दुसऱ्या दिवशी काढला की खाली घाम सुटलेला. ओल सगळ्यात जास्त दाराशी, म्हणजे बाथरूमच्या भिंतीलगत. कुठून तरी पाणी येतंय, असं तो म्हणाला. मला तेवढं पुरलं. आमच्या बाथरूमच्या डोक्यावर वरच्या काकूंचं बाथरूम. मी तडक वर गेले आणि जिन्यात उभं राहून, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काकूंना नाही नाही ते बोलले. माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही. घरचे त्याला स्वभाव म्हणतात, सोयीचं म्हणून मीही म्हणते. काकू गुडघ्यांनी बेजार. दार धरून उभ्या होत्या. बघते, प्लंबरला बोलावते, एवढंच म्हणाल्या.

आईला या भांडणाचा पत्ता नव्हता. काम कुठवर आलं असं तिने विचारलं की मी म्हणायचे, कोबा अजून तयार नाही.

मग एका सकाळी कपाटाचं माप घ्यायला मी लवकर गेले, तर आई बेडरूमच्या उंबऱ्याबाहेर उभी. हातात तांब्या, शेजारी बादली. आत पाय न ठेवता ती लांबूनच कोब्यावर पाणी मारत होती.

"चांदवडचं घर बांधलं तेव्हाही पाणी मीच मारायचे," ती म्हणाली. "ही माणसं कुठली मारतात! तू म्हणालीस तयार नाही, म्हणून आता संध्याकाळीपण येते."

तिच्यावर ओरडायला मला तोंडच नव्हतं. मी सांगितलं होतं तेवढं तिने तंतोतंत पाळलं होतं. याला पाणी चालत नाही गं, असं म्हणून मी बादली मोरीत ओतली.

काकूंकडे जायचं मात्र मी आज-उद्या करत राहिले. गेले तेव्हा कोबा खडखडीत वाळला होता आणि त्यांच्या बाथरूमची सगळी फरशी फोडलेली होती. काकू आंघोळीला समोरच्या घरी जात होत्या, भिंत धरत धरत. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "वाळलं का गं खाली?"

मी म्हटलं, वाळलं.

त्यांनी आत नवऱ्याला हाक मारली. "ऐकलंत का? वाळलं म्हणे. म्हणजे आपलंच गळत होतं." मग माझा हात धरून, आमच्यामुळे तुला फार त्रास झाला, असं म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. खरं सांगायची एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. मी चहा प्यायले, "असू द्या काकू, होतं असं" म्हटलं आणि खाली आले.