एक कोयता, तेरा अर्धे

आमच्या कॉलनीतला सगळा ऊस माझ्या आई-वडिलांनी भर दुपारी वीस मिनिटांत तोडला. दोष त्यांचा नाही, माझा आहे. आणि हे तोंडाने कबूल करायला मला बारा वर्षं लागली.

अंबाजोगाईला शाळेत नोकरी लागली, घर झालं, तेव्हा शेजारी सहज विचारायचे, "आई-वडील काय करतात?" मी म्हणायचो, "उसात असतात." यात खोटं एक अक्षर नाही! दिवाळी झाली की ते खरंच उसात असायचे. वडवणीजवळच्या आमच्या गावातून मुकादमाच्या टोळीबरोबर ट्रकमध्ये बसायचे आणि सहा महिने दुसऱ्याचा ऊस तोडायचे. मी फक्त 'दुसऱ्याचा' आणि 'तोडतात' एवढे दोनच शब्द गाळायचो. (मी मराठी शिकवतो. कुठला शब्द गाळला की वाक्याचं वजन वाढतं, हे मला बरोबर कळतं.) ऐकणाऱ्यांनी आपल्या मनाने आम्हाला बारा एकर बागायत देऊन टाकली. मी ती परत केली नाही.

यंदा दादांचा, म्हणजे वडिलांचा, गुडघा आणि मायची कंबर एकाच आठवड्यात संपावर गेली. मी म्हणालो, "बस्स झालं. आता माझ्याकडं राहायचं, आराम करायचा!" दोघांना घेऊन आलो आणि मग कळलं, की आराम ही गोष्ट त्यांना जन्मात कुणी शिकवलीच नाही! माय धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. दादा गेटपाशी उकिडवे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "आरं, मुकादमाचा फोन आलता. सोमवारी ट्रक निघतोय. आमी जातो."

"दादा, गुडघा?"

"कामानं न्हाई दुखत, बसून दुखायलाय. हितं आनखी म्हैनाभर बसलो तर मला फोटोत घालून भितीलाच लाव!"

मला झोप लागेना. हा गुडघा या वर्षी उसात गेला, तर चालत परत येणार नव्हता. आणि त्याच गुडघ्यावर मी बी.एड. झालो होतो.

आमच्या कॉलनीत ज्येष्ठ नागरिक मंडळ आहे. तेरा सभासद, सगळे निवृत्त. सचिव मुळे सर, माजी मुख्याध्यापक. घरी त्यांना कुणी काही करू देत नाही, म्हणून त्यांनी मोकळ्या जागेत दोन ओळी काळा ऊस लावला होता. तुळशीच्या लग्नाला प्रत्येक घरी एकेक ऊस द्यायचा, असा बेत. रोज सकाळी ते त्या उसासमोर प्रार्थनेला उभं राहिल्यासारखे उभे राहत आणि वाकलेल्याला दम देत, "सरळ उभा राहा!"

शुक्रवारी त्यांनी दादांना गाठलं. "अहो, एवढे मोठे ऊसवाले कॉलनीत आलेत आणि आमचा ऊस बघितला नाही? तयार झालाय. जरा बघा की!"

दादांनी मान वाकडी करून पाहिलं. "झालाय की. बघतो."

मुळे सरांच्या बोलीत 'बघा' म्हणजे कौतुक करा. दादांच्या बोलीत तयार उसाकडे एकाच कारणासाठी बघतात!

शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी घरी आलो, तर मोकळी जागा खरोखरच मोकळी होती. ऊस आडवा, पाचट बाजूला, मोळ्या ओळीने रचलेल्या. लिंबाखाली दादा आणि माय घाम पुसत बसलेली. इथं आल्यापासून पहिल्यांदा दोघं हसत होती! तेवढ्यात मुळे सर बनियनवरच बाहेर आले.

"हे... हे कुणी केलं?"

दादा अभिमानाने उठले. "एकाच कोयत्यानं, सर! दुसरा लावलाच न्हाई."

"कोण तो कोयता? बोलवा त्याला!"

"आमीच की. ही आन् मी. नवरा-बायकू मिळून एक कोयता. मुकादम तसंच लिव्हतो."

"पण शेंडे कुठं गेले? तुळशीच्या मांडवाला शेंड्यासकट ऊस लागतो हो!"

"त्या शेंड्याच्या वाढ्यानंच तर मोळ्या बांधल्या," माय म्हणाली. "मग काय सुतळी आनायची?"

एव्हाना सगळं मंडळ सहकुटुंब गोळा झालं होतं. मुळे सर माझ्याकडे वळले. "सर, हे बागायतदार ना?"

"कोन बागायतदार?" दादांनी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

मग मी बोललो. एका दमात बोललो, नाहीतर बोललोच नसतो. "बागायत-बिगायत काही नाही. हे ऊसतोड करतात. त्यावरच मी शिकलो. आणि मला ते सांगायची लाज वाटत होती."

दादांनी कोयता लिंबाला टेकवला. मग म्हणाले, "आरं, लाज कावून? आमी तर ट्रकभर सांगत सुटतो, पोरगं मास्तर हाय म्हनून!"

"जाऊ द्या," माय म्हणाली. "मास्तर हाय त्यो. त्याला शब्द जपून वापरावं लागत्यात."

(बारा वर्षांच्या पापाला एवढीच शिक्षा. पण यापेक्षा छडी बरी, असं वाटलं!)

तेवढ्यात मुळे काकू पुढं आल्या. "भाऊ, नवरा-बायको मिळून एक कोयता, तर मग आमच्या घरचं हे काय?" त्यांनी सरांकडे बोट केलं. "निवृत्त झाल्यापासून नुसते माझ्या मागं मागं फिरतात. दोन्ही पोरं पुण्याला. उद्या मी आजारी पडले तर हे उपाशी राहतील!"

दादांनी सरांना खालून वर न्याहाळलं. "ह्यो अर्धा कोयता. जोडी नसलंल्याला आमच्यात अर्धा म्हनत्यात. ह्यो तर जोडी असून अर्धा."

"आमचाही अर्धाच!" मागून एक बाई ओरडली. मग दुसरी, तिसरी. दोन मिनिटांत तेरा अर्ध्यांची नोंद झाली!

"हसू नगा," दादा म्हणाले. "मी तोडतो, ही बांधती. हिची कंबर धरली का मी बांधतो, भाकरी बी थापतो. म्हनून मला म्हातारपनाचं भ्या न्हाई. तुमाला लई भ्या हाय. कशाचं सांगू? एकट्यानं चहा करायचं!"

मुळे सर म्हणाले, "निवृत्तीच्या नियोजनावर मंडळात तीन व्याख्यानं झाली. हे कुणीच सांगितलं नाही." मग हळूच, "पूर्ण कोयता व्हायला काय करावं लागतं?"

"आधी परातीपाशी या," माय म्हणाली.

तुळशीला ऊस बाजारातून आला. सोमवारी मुकादमाचा फोन वाजला, तेव्हा मी दाराआड कान लावून उभा होतो. दादा म्हणाले, "न्हाई जमत बा यंदा. हितं टोळी घावलीय. तेरा अर्धे हायत, लई कच्चे. समदं पयल्यापासून शिकवावं लागतंय."

आता सकाळी माय खुर्चीत बसते आणि मुळे सर पिठात पाणी घालतात. (कधी पाण्यात पीठ.) संध्याकाळी दादा मोकळ्या जागेत मेथीचे वाफे करून घेतात. प्रायश्चित्त म्हणून एका रविवारी मीही खुरपं घेऊन बसलो. अर्ध्या तासात मी मेथी उपटली आणि गवत राखलं. दादांनी माझ्या हातातून खुरपं काढून घेतलं आणि पहिल्यांदाच मला अहो-जाहो केलं, "मास्तर, तुमी आता घरी बसा."

कॉलनीतली तेरा निवृत्त माणसं कामाला लागली. आणि नोकरीत असलेला मी एकटा त्या दिवशी सेवानिवृत्त झालो. तेही शाल-नारळ न मिळता!