राजीनाम्याची पेशी

बालाघाट सोडलं तेव्हा आमच्याजवळ धड पिशवीही नव्हती. आई कोर्टातून तरातरा निघाली, माझं मनगट धरलं अन् गोंदियाच्या बसमध्ये बसली. तिथून थेट नागपूरले मामाकडे. मी तिसरीत होती. "घरी काहून नाही चाललो?" म्हणून इचारलं त म्हणाली, "चूप बस. तुले खर्चा द्या लागू नये म्हणून तुहा बाप नोकरी सोडून राह्यला."

बाप सरकारी दफ्तरात बाबू. जिल्ह्यातल्याच बिरशाले बदली झाली अन् तिकडंच दुसरं घर मांडून बसला. आईनं माझ्यासाठी खर्च्याची, म्हणजे पोटगीची, केस टाकली. मग पेशीवर पेशी, तारखेवर तारीख, अन् दर वेळी त्याचं काहीतरी नवं निमित्त. त्या दिवशी मात्र तो हजर होता. आमचा वकील व्हरांड्यातून ओरडला, "बाई, वो राजीनामा करने को तैयार है, अंदर चलो!"

आई आत गेलीच नाही. नोकरी नाही त पगार नाही, मग कोर्ट खर्चा कापणार कशातून? पोरीले घास देण्यापेक्षा हा माणूस उपाशी राहील, हेच तिच्या डोक्यात बसलं. "आग लागो त्याच्या पैशाले," म्हणाली. पुढं आम्ही कधी पेशीले गेलो नाही, केस खारीज झाली.

नागपुरात आईनं होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटून मले शिकवलं. बालाघाटातल्या माझ्या शेजारच्या मावश्यांनो, तुम्ही दर दिवाळीले बोलवत होत्या अन् मी येत नव्हती, ते यासाठी. त्या गावाचं तोंड पाहायचं नव्हतं मले. बाप वारल्याचं तुम्हीच कळवलं, तेव्हाही मी डोळ्यात पाणी येऊ दिलं नाही. मेला त मेला!

मग माझ्या ऑफिसात जबलपूरची एक बाई आली. एक दिवस पेढे वाटू लागली. "भाइयों से ज़मीन का झगड़ा था, राजीनामा हो गया!" मी इचारलं, नोकरी कोणी सोडली? ती हसतच सुटली. मध्य प्रदेशातल्या कोर्टात, जबलपूर असो का आमचं बालाघाट, राजीनामा म्हणजे आपसातली तडजोड. मी पेढा तसाच टेबलावर ठेवला. माझी आई भंडाऱ्याची. बाजारातली हिंदी तिले येत होती, कोर्टातली कुठून येणार, माय?

घरी येऊन आईले सांगितलं.

"म्हणजे तो देणार होता?"

"हौ. तसंच दिसते."

"मंग आपल्या मागं काहून नाही आला?"

त्याचा राग अजूनही जात नाही, अन् आता त्याच्यासाठी रडूही येते. आधी कोणी गाव इचारलं त मी नागपूर सांगत होती. आता बालाघाट सांगते. पुरं देणार होता का थोडक्यात मिटवणार होता, कोणाले माहीत. पण माझ्यासाठी हो म्हणायले माझा बाप तिथं आला होता. आम्हीच थांबलो नाही.