सशाच्या कानावरचा गोचीड

...तर तो ससा काही केल्या कपाटामागून बाहेर येईना. कानावर कापडी पिशवी चिकटवलेली, पिशवीत जिवंत गोचीड, आणि ते सुटले असते तर सगळी प्रयोगशाळा खाजवत बसली असती. शेवटी प्रयोगशाळेची प्रमुख, सगळ्यांची गोचीडताई, फरशीवर पालथी झाली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि सशाला अलगद ओढून काढलं. पिशवी शाबूत.

"पळून कुठं जाणार होतास रे?" ती म्हणाली. "माझं सगळं तुझ्या कानावर लटकलंय."

ते खरंच होतं. जनावरांच्या रोगांच्या त्या प्रयोगशाळेत तिच्या आधी तिचे सासरेच प्रमुख होते. निवृत्त झाले तरी पाय तिथून निघत नव्हता. घरी ते बाबा आणि कामावर सर, ही रेघ ताईनं कधी ओलांडली नाही. सगळ्या बरण्या सरांनी लावलेल्या, आणि त्यांची रीत साधी. गोचीड ज्याच्या अंगावर सापडला, त्याच्या कप्प्यात. गाईचे वर, सशाचे मधे, उंदराचे खाली. ज्याचं रक्त प्यायला, त्याच्या घरचा झाला!

सशाच्या कप्प्यातला एक बारका गोचीड, पाठीवर टणक ढाल असलेला, सरांना निराळा वाटला. त्यांनी ती नवी जात ठरवली आणि तिला नाव दिलं आपल्या बायकोचं. सासूबाई पाहुण्यांपुढे चहाचे कप ठेवता ठेवता सांगायच्या, "लोकांच्या नवऱ्यांनी दागिने केले. आमच्या ह्यांनी गोचीड केला."

ताईच्या डोक्यात किडा वळवळला तो त्या बरणीपाशीच. आत एकही पूर्ण वाढलेला गोचीड नव्हता.

"सर, ह्या जातीत सगळी पोरंच कशी? मोठं माणूस एकही नाही?"

"शोध. सापडतील."

तिनं शोधले, पण सशावर नाही. गाईच्या अंगावरची रक्त पिऊन टम्म झालेली मादी आणली. मादीनं अंडी घातली. अंड्यांतून सहा पायांची पिल्लं निघाली, ती उंदरावर सोडली. पोट भरल्यावर ती गळून पडली, कात टाकली आणि आठ पायांची झाली. मग सशाचा कान. पिशव्या सासूबाईंनीच जुन्या अभ्र्याच्या शिवून दिल्या, वर नाडीही घातली. भिंगाखाली पाहिलं तर हुबेहूब सरांची जात. सशावरून गळून पुन्हा कात टाकली, तर पुढ्यात गाईचाच गोचीड.

सर म्हणाले, "बरण्यांत मिसळामिसळ केली असशील." म्हणून तिनं दुसऱ्या गाईपासून सगळं पुन्हा सुरू केलं. कपाटामागे शिरला तो ह्या दुसऱ्या खेपेचा ससा. आणि पुन्हा तेच निघालं. तीन कप्प्यांत तीन जाती नव्हत्याच. एकच गोचीड, लहानपणी उंदरावर, वयात येताना सशावर आणि प्रपंचाला गाईवर.

आता शास्त्राचा नियम असा की एका जिवाला दोन नावं पडली तर आधीचं राहतं, नंतरचं जातं. गाईवरच्या गोचिडाचं नाव फार जुनं. म्हणजे जाणार होतं सासूबाईंचं.

रविवारी दुपारी जेवताना ताईनं ते सांगितलं, आणि लेख तयार आहे हेही सांगितलं. सासूबाईंचा हात वाढता वाढता थांबला.

"म्हणजे इतकी वर्षं मी सशाच्या कानावर होते, ती आता गाईच्या पोटाखाली गेले म्हणायची," त्या म्हणाल्या. "आणि पिशव्याही मीच शिवल्या."

"आई, तुम्हाला वाईट वाटलं?"

"वाटलं थोडं. भात घे."

सर मात्र जेवेनात. ताटावरची नजर न उचलता म्हणाले, "मी त्या जागेवर तुला उभी केली. गोचीड धरायला मी शिकवलं. तुझं खरं असेल, नाही म्हणत नाही. पण घाई कसली? माझ्यामागे काय छापायचं ते छाप. मी आहे तोवर हिचं नाव राहू दे."

ताईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. घरातल्या त्या टेबलाशी आजवर कुणी ऐकली नव्हती अशी हाक तिनं मारली.

"सर, तुमच्यामागे छापलं तर माझ्याशी भांडायला कोण येणार? तुम्ही हयात असतानाच छापणार. चूक वाटली तर विरुद्ध लिहा, माझ्याच लेखाशेजारी छापून आणते. पण उद्या सकाळी बरण्या मी एका कप्प्यात लावणार आहे. यायचं असेल तर आठला तयार राहा, नाहीतर मी एकटी लावते."