हँडल मारायचं काम

कॉलेजसाठी नागपूरला आलो तेव्हा मी धंतोलीत एका निवृत्त ओव्हरसियरकाकांच्या मागच्या खोलीत राहायचो. वर्गात माझ्याशी फारसं कुणी बोलत नसे, आणि सुरुवात कशी करावी ते मलाही कळत नसे. माझं बोलणं व्हायचं ते सकाळी, काकांच्या जुन्या मोटारीपाशी. थंडीत तिचा सेल्फ लागत नसे, म्हणून मी समोरून लोखंडी हँडल फिरवून ती सुरू करून द्यायचो.

"अंगठा बोटांसंगं ठेव गा! हँडल उलटं आलं तर मनगट जाईन. मंग पेपर काय डाव्या हातानं लिहिशीन?"

इंजिन तापेपर्यंत काका चहा पाजत आणि माझ्या घरची चौकशी करत.

एका रविवारी आम्ही दोघांनी मिळून नवी बॅटरी बसवली. काकांनी चावी फिरवताच गाडी सुरू झाली.

"घे, सुटला तू! आता सकाळी आरामात झोप. लय तरास झाला तुले."

त्रास नव्हता काका, असं म्हणायचं होतं. मी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी गाडी फाटकाबाहेर गेल्याचं मी अंथरुणातूनच ऐकलं. जाग तर केव्हाच आली होती.