आत्याने उतरून घेतलेला आकडा

नव्व्याण्णव साली आमच्या विश्रामबागच्या घरात इंटरनेट आलं. मी तेव्हा एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि माळरानावरच्या गवतांवर एम.फिल. करत होते. नवरा साताऱ्याला एका कारखान्यात इंजिनिअर. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. बाकी दिवस घरात मी आणि सासूबाई. सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्याच. लग्नानंतरही मी तिला ‘आत्या, तू’ असंच म्हणायची. वडूजकडच्या आमच्या मेंढपाळ घरात चौथी पास झालेली ती पहिली बाई, आणि आपल्या अक्षराचा तिला भारी अभिमान.

इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात होते. कॉम्प्युटरमध्ये भरायचे दोन लांबलचक आकडे पलीकडच्या माणसाने सांगितले आणि आत्याने ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतले. शनिवारी नवऱ्याने कागद समोर धरून ते भरले. मोडेम खरखरला, किंचाळला, जोडणी झाली. मी एक पत्ता टाकला. स्क्रीनच्या तळाशी ‘साइट शोधत आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली आणि तिथेच मुक्काम ठोकून बसली. आम्ही चहा घेतला. मग एकदम पान उघडलं. पुढच्या पत्त्याला पुन्हा तीच तऱ्हा.

“लाइन खराब असणार,” नवरा म्हणाला.

तक्रार केली. लाइनमन आला, खांबावर चढला, तारेला आपला फोन लावून त्याने ऐकलं. “आवाज खणखणीत हाय, ताई. आमच्याकडनं काय बी न्हाई.” कंपनीवाले म्हणाले, सगळं पुसून नव्याने टाका. नवऱ्याने अख्खा रविवार त्यात घातला, पुन्हा तोच कागद समोर धरून आकडे भरले. पुन्हा तेच. सोमवारी तो साताऱ्याला गेला तो चिडूनच.

आत्या माझ्याशेजारी घेवडा निवडत बसायची. माझं लक्ष पानावर, तिचं त्या खालच्या ओळीवर. एका दुपारी ती म्हणाली, “अगं, पयल्यांदा जातंय तवाच अडतंय. माघारी तिथंच गेलं की लगीच उघडतंय.”

मी करून बघितलं. खरंच होतं. इतके दिवस मी नुसती वैतागत होते, आणि तिने नीट पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, आपण साइटचं नाव टाकतो, पण मशीनला लागतो तिचा नंबर. तो नंबर ते कंपनीच्या मशीनला विचारतं, आणि एकदा कळला की लक्षात ठेवतं. तिथेच घोळ दिसतोय.” त्यांनी चिठ्ठीवर एका साइटचा नंबर लिहून दिला. “नावाऐवजी हा टाका. झटकन उघडलं, तर तुम्ही भरलेले दोन आकडे तपासा; ते कंपनीच्या दोन मशीनचे नंबर. पहिलं मशीन उत्तर देत नसेल, तर वाट बघून मग दुसऱ्याला विचारलं जातं.”

घरी येऊन चप्पल न काढताच मी तो नंबर टाकला. पान क्षणात समोर! मी सेटिंग उघडलं आणि हाक मारली, “आत्या, तुझा कागद आण आणि मोठ्यानं वाच.”

तिने चष्मा लावला. एकेक आकडा, मध्ये “टिंब”, पुन्हा आकडे. मी स्क्रीनवर बोट ठेवून जुळवत होते. पहिल्या आकड्याच्या शेवटी ती म्हणाली, “एक, शून्य.”

स्क्रीनवर नव्वद होते.

“नऊ, शून्य आहे ना गं?”

“न्हाई. धा हाय धा. मी नऊ असा काडते व्हय?”

मी कागद हातात घेतला. वळणदार, सुरेख मराठी एक. इंग्रजी वाचणाऱ्या डोळ्यांना चक्क नऊ. बाकी सगळे दोन, तीन आणि शून्य, दोन्हीकडे सारखेच दिसणारे. दुसऱ्या आकड्यात एक नव्हताच, म्हणून तो बरोबर भरला गेला होता. मी नव्वदचे दहा केले, मशीन बंद करून चालू केलं. नाव टाकलं आणि पान उघडलंसुद्धा. मी आत्याला मिठीच मारली.

शनिवारी नवरा पिशवी ठेवतोय तोवर आत्याने त्याला धरलं. “का रं, येवढा शिकलास आन् आईचं अक्षर वाचता यीना व्हय?”

“आई, मला वाटलं तू इंग्रजीत लिहिलंयस.”

“मला इंग्रजी येतंय व्हय? तुला तरी कळाय नगं?”

तो हसत खालीच बसला. खूप दिवसांनी आम्ही तिघं एवढं हसलो.

रविवारी सकाळी त्याने आईला खुर्चीत बसवलं. “काय बघायचं, बोल.” तिने परदेशातली मेंढरं मागितली. साइट लगेच सापडली, पण चित्र वरून खाली, दोरा-दोरा करत उतरू लागलं.

“नुसतं आभाळच हाय की,” ती म्हणाली. मग कान आले, तोंड आलं, आणि शेवटी लोकरीचा भलामोठा गोळा. आत्या खुर्ची पुढे ओढून बराच वेळ बघत राहिली.

“लय लोकर हाय गं,” ती म्हणाली. “पर आमच्या माळावर ह्यो दोन कोस बी चालायचा न्हाई.”