आमादूचं नदीकाठचं गाव

काल इथं आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात कुणाच्या तरी घरातून धुरावलेल्या मासळीचा वास आला आणि आमादू आठवला. त्याच्या डब्याला हाच वास असायचा.

जबल अलीच्या गोदामात आम्ही बरोबर कामाला होतो. तो माली देशातला. नायजर नदीच्या काठी त्याचं मातीच्या घरांचं फार जुनं गाव होतं. एका वर्षी तिथं पूर आल्याचं कळलं. घरी आई एकटी, आणि फोन लागत नव्हता. जेवणाच्या सुट्टीत त्यानं फरशीवरच्या धुळीत बोटानं नदी काढली.

"भाई, हे आमचं घर. ही मशीद. आणि लांब ही टेकडी. आमचं सगळ्यात जुनं गाव हिच्या पोटात आहे, खणलं की मडकी निघतात. तिथं पाणी कधीच चढलं नाही."

"मग आई तिथंच गेली असेल," मी म्हणालो.

"तिचे गुडघे दुखतात," तो पुटपुटला. मग त्यानं टेकडी पुसली आणि घराच्या अगदी जवळ काढली.

संध्याकाळी, गावी जाऊन आलेल्या त्याच्या भावाचा फोन आला. घर विरघळून गेलं होतं. आई सापडलीच नाही.

त्यानं टेकडी घराजवळ काढली, तेव्हा मला तो वेडेपणा वाटला होता. आता माझी आई गुहागरला एकटी असते. तिनं फोन उचलला नाही की मीही मनातल्या मनात शेजाऱ्यांचं घर तिच्या दाराशी आणून ठेवतो.