दोन तसबिरी आणि आमचं आडनाव

आमच्या आडनावाचे दोन थोर समाजसुधारक होऊन गेले. त्यांचं आमचं नातं काही नाही. माझे वडील अकोल्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी उचलायचे आणि घरात मॅट्रिक झालेला मीच पहिला.

पन्नासच्या दशकाच्या शेवटी अमरावतीला कॉलेजात गेलो. वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत त्या दोघांच्या तसबिरी होत्या. रेक्टरसरांनी माझा अर्ज वाचून तसबिरींकडे पाहिलं. "घराण्यातलेच ना?"

मी मान खाली घातली. त्यांनी तो होकार धरला. तेव्हापासून त्यांतल्या एकाच्या पुण्यतिथीला दोन्ही तसबिरींना हार घालण्याचा मान माझा. खरं सांगितलं तर खोली जाईल, म्हणून मी गप्प.

दुसऱ्या वर्षी नेमके त्याच दिवशी वडील ज्वारीचं पीठ घेऊन आले. सरांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवून दोन्ही हार हाती दिले. "आता घरच्या वडीलधाऱ्यांनीच घालावेत."

"कोनाच्या घरच्या?" वडील म्हणाले. "आमी त्यायचे कोनी नाई जी. आमी जिनातले."

सर माझ्याकडे वळले. "अरे, मग बोलला का नाहीस?"

"खोली जाईल म्हणून, सर."

"वेडा आहेस. खोली तुझ्या गणिताच्या मार्कांवर दिली." आणि वडिलांना म्हणाले, "घाला हो, तुम्हीच घाला."

"मंग हरकत नाई," म्हणत वडिलांनी आधी खांद्यावरच्या दुपट्ट्याने काचा पुसल्या, मग हार घातले. टाळ्या वाजल्या. त्या दिवसाइतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

पदवीनंतर मुंबईच्या एका कचेरीत संगणकावर काम मिळालं. खोलीभर यंत्र, भोकं पाडलेली कार्डं त्याला द्यायची. साठच्या दशकाच्या अखेरीस सरांनी पुण्यतिथीला बोलायला बोलावलं. वडीलही अकोल्याहून आले. मी यंत्राने छापलेला एक कागद नेला होता. वर इंग्रजीत आमचं आडनाव होतं. कागद हातोहात फिरला.

एका विद्यार्थ्याने मला विचारलं, "सर, हे आडनाव तसबिरीतल्या घराण्याचंच का?"

मी उत्तर देण्याआधी वडील उठले. "तसबिरीतले मोठे लोक, बाप्पा. त्यायचं आमचं नातं नाई." मग कागद हातात घेऊन, छाती काढून म्हणाले, "हे मातर आमच्याच घरचं!"

सरांनी तो कागद तिथेच, दोन्ही तसबिरींच्या खाली चिकटवला.